बॉन्ड किती लावायचा?

आपल्या होस्टेलच्या पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या जुन्या गाड्यांची इंजिनं एकदा खाली वाकून नीट बघा. बऱ्याच इंजिनांच्या सांध्यातून लाल नाहीतर काळ्या रबराचा एक ओघळ बाहेर आलेला दिसेल. क्रीमचं बिस्कीट जोरात दाबल्यावर कडेने क्रीम बाहेर येतं ना, अगदी तसा. गाडीचा मालक मोठ्या कौतुकाने सांगतो, "इंजिन खोललं होतं. मिस्त्रीने फुल बॉन्ड मारलाय, आता थेंबभर ऑइल गळणार नाही!" आपणही मान डोलावतो. बाहेर एवढा आलाय म्हणजे आत भरपूर असणार, असा आपला समज. समज अगदी बरोबर आहे, आणि नेमकी तीच काळजीची गोष्ट आहे. बाहेर जेवढा ओघळ आला, साधारण तेवढाच आतही गेलेला असतो. बाहेरचा दिसतो, नखाने सोलून टाकता येतो. आतला दिसत नाही, आणि तो पुढे कुठे गेला ह्याचा पत्ता इंजिन बोलायला लागेपर्यंत लागत नाही.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. पुस्तकात ज्याला 'गॅस्केट' म्हणतात त्याला गॅरेजमध्ये 'पॅकिंग' म्हणतात आणि ट्यूबमधून येणाऱ्या कुठल्याही सीलंटला सरसकट 'बॉन्ड'. आमच्यासारख्या कॉन्व्हेंटमधून आलेल्यांना "पॅकिंग आण" म्हटल्यावर पहिल्यांदा थर्माकोलच आठवतो! असो. पण 'बॉन्ड' ह्या शब्दातच गोची आहे. बॉन्ड म्हटलं की चिकटवणारी वस्तू डोळ्यासमोर येते, आणि चिकटवायचंय म्हटलं की हात सैल सुटतो. प्रत्यक्षात इंजिनाचे दोन भाग एकमेकांना धरून ठेवायचं काम बोल्टचं आहे. बॉन्डचं काम एवढंच, की दोन भाग घट्ट बसल्यावरही जी बारीक फट उरते ती भरून काढायची.

फट का उरते? क्रँककेसचे दोन अर्धे भाग मशिनिंग करून सपाट केलेले असतात. हात फिरवला तर आरशासारखे गुळगुळीत लागतात. पण मायक्रोमीटरच्या भाषेत बोलायचं तर त्या पृष्ठभागावर टूलने सोडलेल्या बारीक डोंगर-दऱ्या असतात. दोन्ही भाग एकमेकांवर ठेवून आवळले की डोंगर डोंगराला टेकतो आणि दऱ्या रिकाम्या राहतात. त्या दऱ्या एकमेकींना जोडल्या गेल्या की ऑइलला बाहेर यायला वाट मिळते. शिवाय दोन बोल्टच्या मधल्या जागी दाब कमी असतो, तिथे फट किंचित मोठी. ह्या जागा भरायला काहीतरी मऊ, ऑइलला दाद न देणारं हवं. ते म्हणजे बॉन्ड. धातूला धातू टेकलेलाच राहायला हवा, मध्ये बॉन्डची गादी तयार व्हायला नको.

आता थोडं गणित करू. घाबरू नका, एम-थ्री नाही, दहावीचंच आहे. समजा सांध्याची रुंदी ६ मिमी, सगळ्या कडेची मिळून लांबी ६० सेमी, आणि आवळल्यावर सरासरी फट ०.०२ मिमी. मग भरायची जागा किती? ६०० गुणिले ६ गुणिले ०.०२, म्हणजे ७२ घन मिमी. आता ट्यूबचं तोंड बेधडक कापून ३ मिमी जाडीची वळी सोडली, तर तिचं क्षेत्रफळ साधारण ७ चौरस मिमी आणि एकूण माल ४२०० घन मिमी. गरजेच्या जवळजवळ साठपट! ह्यातला ४१०० हून जास्त माल आवळताना बाहेर फेकला जाणार, त्यातला निम्मा बाहेरच्या बाजूला आणि निम्मा आत. आत गेलेला माल साधारण २ मिली होतो. औषधाचा चमचा ५ मिलीचा असतो, म्हणजे अर्ध्या चमच्याला थोडा कमी. वळी १ मिमीची घेतली तरी माल साडेसहापट होतोच. हिशोब ढोबळ आहे, प्रत्येक इंजिनाची मापं वेगळी, पण अंदाज यायला पुरेसा आहे.

अर्धा चमचा रबर इंजिनात गेलं तर बिघडलं कुठे, असं वाटेल. गेल्या वर्षी आपल्या वर्कशॉपमध्ये एक १०० सीसीची फोर-स्ट्रोक गाडी उघडली होती, मेसला दूध घालणाऱ्या काकांची. तक्रार अशी की हेडमधून खडखड येते आणि इंजिन लवकर तापतं. काठीवर ऑइल बरोबर, ऑइलचा रंगही ठीक. उजव्या बाजूचं कव्हर काढलं तर ऑइल पंपाच्या जाळीवर लाल शेवया! अक्षरशः शेवया. आधी कुठल्यातरी गॅरेजमध्ये कव्हरच्या कागदी पॅकिंगवर वरून सिलिकॉन थापलेलं होतं. आतल्या बाजूला लोंबणारे त्याचे तुकडे गरम ऑइलने सुटले, खाली गेले आणि पंपाने ते जाळीकडे ओढून घेतले. ह्या इंजिनांत ऑइल जेमतेम लिटरभर असतं आणि पंप ते एका बारीक वाटेने वर हेडपर्यंत चढवतो. जाळी बुजली की सगळ्यात आधी उपाशी राहतं ते हेड, कारण ते सगळ्यात लांब. कॅमवर खड्डे पडले होते, रॉकर घासले होते. पार्ट येईपर्यंत चार दिवस गाडी उभी आणि काका रोज पहाटे रिक्षाने कॅन आणत होते. एका ट्यूबच्या दोन-तीन जास्तीच्या वळ्यांपायी!

तिथे खरं तर बॉन्डची गरजच नव्हती. जिथे कंपनीने कागदी पॅकिंग दिलंय तिथे ते कोरडंच बसवायचं, मॅन्युअल वेगळं काही सांगत नसेल तर. पॅकिंगला ठरलेली जाडी असते आणि ती जाडी हिशोबात धरून आतल्या शाफ्टची, सिलिंडरच्या उंचीची मापं ठरवलेली असतात. स्प्लेंडरच्या जातीच्या इंजिनाचं फुल पॅकिंग किट आणलं की त्यात क्रँककेसचंही कागदी पॅकिंग येतं. तिथे "पॅकिंग कशाला, बॉन्ड मारू" म्हणून पॅकिंग गाळणं हेही तितकंच चूक, कारण तेवढ्या जाडीने आतला शाफ्ट आवळला जाऊ शकतो. हेड पॅकिंगला तर बॉन्ड कधीच नाही. तिथे ज्वलनाचा दाब आणि उष्णता असते, सिलिकॉन तिथे टिकत नाही.

म्हणजे बॉन्ड लावायचा तो जिथे कंपनीने मुद्दाम पॅकिंग ठेवलेलंच नाही अशा सांध्यात. त्यातही कुठला बॉन्ड, हा प्रश्न किती लावायचा ह्याच्याइतकाच महत्त्वाचा आहे. दुकानात सगळ्या ट्यूब एकाच कप्प्यात असतात, पण आतला माल चार जातींचा.

पहिली जात सिलिकॉनची, जिला 'आरटीव्ही' म्हणतात. ही हवेतल्या ओलाव्याने घट्ट होते. बाहेरून आत घट्ट होत जाते, त्यामुळे जाड थर असेल तर आतपर्यंत सुकायला चोवीस तास सहज लागतात. ट्यूब उघडल्यावर व्हिनेगरचा वास आला तर तिच्यातून ॲसेटिक ॲसिड सुटतंय असं समजा. तसली ट्यूब कपाटाच्या काचेला ठीक, इंजिनाला नको. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-सिक्स गाड्यांमध्ये सायलेन्सरच्या पाइपवर ऑक्सिजन सेन्सर असतो. काही सिलिकॉनमधून निघणाऱ्या वाफांनी तो खराब होतो, म्हणून ट्यूबवर 'सेन्सर सेफ' लिहिलंय का ते बघून घ्यायचं. सिलिकॉन मोठी फट भरतं आणि पत्र्याच्या कव्हरला उत्तम. पण त्याचा एक मोठा अवगुण आहे: साधं सिलिकॉन पेट्रोलमध्ये फुगतं. खरं वाटत नसेल तर वर्कशॉपमध्ये (होस्टेलच्या खोलीत नाही हं!) सुकलेल्या सिलिकॉनचा तुकडा झाकणाच्या बाटलीत पेट्रोलमध्ये टाकून दुसऱ्या दिवशी बघा. फुगून मऊ झालेला असतो आणि बोटाने सहज तुटतो.

दुसरी जात मला सगळ्यात आवडते, ती म्हणजे ॲनेरोबिक. नावातच आहे, हवा नसली की ही घट्ट होते! हवेतला ऑक्सिजन हिला द्रव ठेवतो. दोन धातूंच्या मध्ये दाबली गेली, ऑक्सिजन तुटला आणि धातूचा स्पर्श झाला, की ती जमते. अमेरिकेतल्या हार्टफोर्डच्या ट्रिनिटी कॉलेजमधले रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल ह्यांनी १९५३ मध्ये ही गोष्ट बाजारात आणण्याजोगी केली आणि त्यातून पुढे 'लॉकटाइट' हे नाव आलं. म्हणून ह्या बाटल्या पॉलिथिनच्या असतात, जिच्यातून थोडी हवा आत जात राहते, आणि त्या अर्ध्याच भरलेल्या असतात. दुकानदाराने फसवलं असं समजून भांडू नका. आपल्या कामाचा मुद्दा असा, की आत दाबला गेलेला जास्तीचा माल हवेत राहतो म्हणून द्रवच राहतो आणि ऑइलमध्ये मिसळून जातो. शेवया होतच नाहीत. पण फट अगदी कमी, साधारण पाव मिलिमीटरच्या आत असली पाहिजे आणि दोन्ही भाग टणक हवेत. पत्र्याच्या कव्हरला हिचा उपयोग नाही. ॲल्युमिनियमवर ती जरा सावकाश जमते, म्हणून घाई करायची नाही.

तिसरी जात जपानी मॅन्युअलमध्ये सारखी भेटते: अर्धवट सुकणारी. हिच्यात सॉल्व्हंट असतं. पातळ थर लावायचा, सॉल्व्हंट उडून चिकटसर होईपर्यंत लेबलवर दिलेला वेळ थांबायचं, मग सांधा बंद करायचा. ही कधी पूर्ण दगड होत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी इंजिन उघडताना त्रास कमी.

चौथी म्हणजे आपली जुनी शेलॅक. जुन्या मिस्त्रींच्या टपरीवर अजून तिची बाटली दिसते. ही चक्क लाख आहे! पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर राहणाऱ्या किड्याची लाख. झारखंडात तिचं मोठं उत्पादन होतं आणि सुताराच्या पॉलिशमध्येही तीच असते. पेट्रोल आणि ऑइल दोन्हींना ती दाद देत नाही, म्हणून इतकी वर्षं टिकली. पण ती स्पिरिटमध्ये, म्हणजे अल्कोहोलमध्ये विरघळते. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि इथेनॉल म्हणजे अल्कोहोलच. तेव्हा जिथे पेट्रोल पोचतं तिथे आता शेलॅक नको. मिस्त्री काकांशी ह्यावर माझा वाद झालाय. ते म्हणाले, "पोरी, तीस वर्षं लावतोय, एक गाडी परत आली नाही." मी म्हटलं, "काका, तीस वर्षांपूर्वी पेट्रोल वेगळं होतं." त्यावर त्यांनी चहा मागवला. वाद तिथेच आहे.

एवढं सगळं सांगून झाल्यावर एक खरंखुरं इंजिन घेऊ, आणि त्यासाठी यामाहा आरएक्स १०० पेक्षा चांगलं उदाहरण नाही. १९८५ ते १९९६ ह्या काळात भारतात बनलेली ही टू-स्ट्रोक गाडी अजून कॉलेजच्या पोरांच्या गळ्यातला ताईत आहे. ५० मिमी बोअर, ५० मिमी स्ट्रोक, ९८ सीसी. आपल्याकडे दोन-तीन तरी आहेतच, आवाजावरून ओळखू येतात. हिच्या क्रँककेसच्या दोन भागांमध्ये पॅकिंग नाही, फक्त बॉन्ड. आणि ह्या बॉन्डवर फोर-स्ट्रोकपेक्षा कितीतरी जास्त जबाबदारी आहे.

कारण टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस म्हणजे नुसता ऑइलचा डबा नाही, तो पंप आहे. पिस्टन वर जाताना खाली निर्वात होतो आणि कार्बोरेटरमधून पेट्रोल-हवेचं मिश्रण क्रँककेसमध्ये ओढलं जातं. पिस्टन खाली येताना ते दाबलं जाऊन ट्रान्सफर पोर्टमधून वर जातं. ७५०० आरपीएमला हे सेकंदाला १२५ वेळा होतं. आता सांध्यात केसाएवढी वाट राहिली तर निर्वाताच्या वेळी तिथून बाहेरची हवा आत येते. ही हवा कार्बोरेटरला न विचारता आलेली, तिच्यासोबत पेट्रोल नाही आणि पेट्रोलसोबत येणारं टू-टी ऑइलही नाही. मिश्रण पातळ होतं, जळण जास्त गरम होतं, पिस्टन फुगतो आणि सिलिंडरला पकडतो. मिस्त्री ज्याला 'पिस्टन जाम' म्हणतात तो हाच. हायवेवर ७० च्या वेगात मागचं चाक अचानक लॉक होतं. म्हणजे फोर-स्ट्रोकमध्ये सांधा चुकला तर पार्किंगमध्ये डाग पडतो, इथे चालवणारा पडतो. आधी लक्षण दिसतं ते असं: सिग्नलला थ्रॉटल सोडला तरी रेस खाली येत नाही, आपोआप चढते. बरेच जण तेव्हा कार्बोरेटरचा स्क्रू पिळत बसतात.

आणि इथेच वर सांगितलेला सिलिकॉनचा अवगुण आठवा. आरएक्सच्या क्रँककेसमध्ये सतत पेट्रोलचं धुकं असतं. साधं सिलिकॉन तिथे आतल्या कडेने फुगत, सुटत जातं. म्हणून इथे पेट्रोल सहन करणारा अर्धवट सुकणारा बॉन्डच वापरायचा, ट्यूबवर तसं लिहिलेलं असतं.

बॉन्ड लावणं हे पाच मिनिटांचं काम आहे, त्याच्या आधीची सफाई दोन तासांची. दोन भाग वेगळे करताना सांध्यात स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायचं नाही. तिथे पडलेला एक ओरखडा कुठल्याही बॉन्डने भरत नाही. जुना बॉन्ड काढायला हॅकसॉ ब्लेड किंवा ड्रिलला लावलेली पॉलिश पेपरची चकती वापरणारे लोक मी पाहिलेत. ॲल्युमिनियम मऊ असतं, कुठे खोल जाईल सांगता येत नाही, आणि पॉलिश पेपरची पूड बेअरिंगमध्ये बसते ती वेगळीच. प्लॅस्टिकचं जुनं एटीएम कार्ड, थोडं थिनर आणि संयम एवढं पुरतं. थिनर ऑइल सीलच्या रबराला लागू द्यायचं नाही. जुने सील आधीच काढलेले असले तर उत्तम, नाहीतरी ते बदलायचेच असतात.

सफाई पेट्रोलने संपवायची नाही. पेट्रोल उडून गेल्यावर मागे तेलकट पातळ थर राहतो आणि त्यावर बॉन्ड धरत नाही. शेवटचा हात थिनर किंवा ॲसिटोनचा. पांढरं सुती फडकं फिरवून बघा, काळं झालं तर परत. फडकं जुन्या टी-शर्टचं चालेल, कॉटन वेस्ट नको, त्याचे धागे सांध्यात अडकतात. बोल्टच्या आंधळ्या भोकांमध्येही बघा, म्हणजे जी आरपार नसतात त्यांत. तिथे ऑइल किंवा बॉन्ड साचलेला असला तर बोल्ट आवळताना तो द्रव दाबला जातो, त्याला जायला जागा नसते आणि बाजूचं ओतीव काम तडकतं.

मग क्रँक न घालता, बॉन्ड न लावता, दोन्ही भाग डॉवेल पिनांवर बसवून बघा. ही कोरडी जोडणी कोणीच करत नाही, पण हिच्यासारखी परीक्षा नाही. दोन्ही भाग सगळीकडे सारखे टेकले पाहिजेत. ०.०५ मिमीचं फिलर गेजचं पातं कुठे सहज शिरलं, तर एकतर डॉवेलपाशी काही अडकलंय नाहीतर भाग वाकलाय. त्याचं उत्तर जास्त बॉन्ड हे नाही. हे दोन भाग कारखान्यात जोडीनेच मशिनिंग केलेले असतात, म्हणून भंगारातून एकच अर्धा भाग आणून बसवायचा जुगाडही महागात पडतो.

प्रत्यक्ष लावताना ट्यूबचं तोंड शक्य तितकं बारीक कापा. मटकीच्या दाण्याएवढा बॉन्ड बोटावर घेऊन कडेने पसरत न्या. खालचा धातूचा रंग बॉन्डमधून पुसट दिसला पाहिजे, इतकाच थर. ट्यूबवर दोन्ही भागांना लावायला सांगितलं नसेल तर एकाच भागाला. थर कमी असला तरी चालतो, तुटलेला चालत नाही. जिथून सुरुवात केली तिथे परत येऊन मिळेपर्यंत रेषा अखंड हवी. बोल्टच्या भोकापाशी आलात की भोकाच्या आतल्या बाजूने जा किंवा भोकाला पूर्ण वळसा घाला. फक्त बाहेरच्या बाजूने गेलात तर सांधा सुकाच राहील पण ऑइल भोकात शिरून बोल्टच्या डोक्याखालून बाहेर येईल, आणि तुम्ही गळती शोधत बसाल. ऑइलची भोकं सांध्याजवळ येतात तिथे आणि बेअरिंगच्या जागेपासून २-३ मिमी लांब राहायचं.

आता आरएक्सची खरी मेख. बाहेरची कड सगळेच नीट लावतात. पण क्रँकची खोली आणि गिअरबॉक्स ह्यांच्यामध्ये एक अरुंद भिंत आहे, तिचाही सांधा ह्याच प्रतलात येतो. ती मधोमध असल्यामुळे विसरली जाते. तिथे बॉन्ड राहिला तर बाहेर काहीच दिसत नाही. पण क्रँककेस गिअर ऑइल पीत राहतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि गिअर ऑइलची पातळी गुपचूप खाली जाते. मग क्लचच्या बाजूचं सील बदललं जातं, धूर तसाच, आणि शेवटी पिस्टन-रिंगवर संशय.

बॉन्ड चिकटसर झाला की क्रँक आणि गिअर बसवलेल्या भागावर दुसरा भाग ठेवून रबरी नाहीतर लाकडी हातोडीने हळूहळू, सगळीकडून सारखा ठोकत बसवा. मध्ये मध्ये क्रँक हाताने फिरवून बघा, मोकळा फिरला पाहिजे. भाग अर्ध्यात अडला तर स्क्रूने ओढून आणायचा नाही, थांबून कारण शोधायचं. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. उघडतानाच पुठ्ठ्यावर क्रँककेसचा आकार काढून ज्या जागेचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवला असेल तर इथे देवाचे आभार मानाल. आवळताना समोरासमोरचे स्क्रू, मधून बाहेर, तीन फेऱ्यांत: पहिली हाताने, दुसरी अर्ध्या जोराने, तिसरी पूर्ण. पूर्ण म्हणजे किती? ६ मिमीच्या स्क्रूला साधारण १० न्यूटन-मीटरच्या आतच, नेमका आकडा मॅन्युअलमधून. हा जोर मनगटाचा आहे, खांद्याचा नाही. ॲल्युमिनियमचे आटे गेले की काम हेलिकॉइलवर जातं.

काही जण सांगतात, आधी हलकं आवळून तासभर बॉन्ड सुकू द्या, मग पूर्ण आवळा. पत्र्याच्या कव्हरखाली सिलिकॉनची गादी हवी असेल तर ते ठीक आहे. क्रँककेसच्या सांध्यात मात्र मला हे साफ नामंजूर आहे, कारण मध्ये सुकलेला थर राहून धातू धातूला टेकतच नाही. इथे ओला असतानाच पूर्ण आवळायचं, आणि सुकल्यावर "जरा अजून एक फेरी" म्हणून परत पाना लावायचा नाही.

लगेच वरच्या तोंडातून टॉर्च मारून आत बघा. क्रँकच्या खोलीत ओघळ आला असेल तर ओला असतानाच पुसून घ्या. जिथे सिलिंडर बसतो त्या तोंडाशी सांध्यातून बॉन्डचा बारीक कंगोरा वर आलेला असतो. तो ब्लेडने सपाट कापला नाही तर सिलिंडरखालचं पॅकिंग तिथे उचललं जातं आणि एवढी मेहनत करून हवा त्याच्याखालून आत येते. मग रात्रभर इंजिनाला हात लावायचा नाही. सबमिशन लिहा.

दुसऱ्या दिवशी सिलिंडर, हेड, प्लग बसवल्यावर इंजिन फ्रेममध्ये चढवण्याआधी प्रेशर टेस्ट करा. ही टेस्ट आपल्याकडे फार कमी ठिकाणी होते. बाहेर ह्यासाठी खास किट मिळतं, पण आपलं काम जुन्या बीपीच्या मशीनवर भागतं! त्याचा गेज ३०० मिमी पाऱ्यापर्यंत जातो. ३०० मिमी पारा म्हणजे ०.४ बार, म्हणजे जवळजवळ ६ पीएसआय, आणि टू-स्ट्रोकची ही टेस्ट करतात तीच मुळी ६ पीएसआयच्या आसपास. एक्झॉस्टच्या तोंडाला रबरी बूच घट्ट बसवा, पिस्टन सगळ्यात खाली ठेवा म्हणजे पोर्ट उघडे राहतात. कार्बोरेटरच्या रबरी नळीला भोक पाडलेलं बूच लावून त्यातून बीपीचा फुगा आणि गेज जोडा. हवा कार्बोरेटरच्या बाजूनेच भरायची. एक्झॉस्टच्या बाजूने भरली तर रीड व्हॉल्व्ह बंद होतो आणि नळीची, रीडच्या पॅकिंगची तपासणी राहून जाते.

३०० पर्यंत भरा आणि पाच-सहा मिनिटं सुई बघा. नव्याने बांधलेल्या इंजिनात ती जवळजवळ हलू नये. पडत असेल तर साबणाचं पाणी ब्रशने सांध्यावर, सिलिंडरच्या बुडाशी, मॅग्नेटोच्या बाजूच्या सीलवर आणि आपल्या स्वतःच्या बुचांवरही लावा, बहुतेक वेळा फुगे बुचांपाशीच येतात. बाहेर कुठेच फुगा नाही आणि तरी सुई पडतेय, तर गिअर ऑइल भरायच्या भोकाला साबणाचा पातळ पापुद्रा लावून गिअरबॉक्सच्या ब्रीदरवर बोट ठेवा. पापुद्रा फुगला तर हवा क्रँकच्या खोलीतून गिअरबॉक्समध्ये जातेय. म्हणजे एकतर क्लचच्या बाजूचं क्रँक सील, नाहीतर तीच मधली भिंत. आधी सील बघा, ते क्रँककेस न उघडता बदलता येतं का ते बघूनच पुढचं ठरवा.

सुई स्थिर राहिली, की गेज काढा आणि ट्यूबच्या तोंडात थोडा बॉन्ड तसाच ठेवून झाकण लावा, तो सुकून आतल्या मालाचं बूच होतो. आणि हो, किक मारण्याआधी एक्झॉस्टमधलं रबरी बूच आठवणीने काढा.